तारांची उकल – भाग ७ : मॉनिटर आधी आपली ओळख सांगतो

गेल्या आठवड्यात आपण व्हीजीएच्या तीन रांगांतल्या पंधरा पिना पाहिल्या. व्हीजीए आलं त्याच वर्षी, १९८७ मध्ये, ॲपलने 'मॅकिंटॉश टू' बाजारात आणला आणि मॉनिटरसाठी आपला वेगळा कनेक्टर ठेवला. पिना पंधराच, पण दोन रांगांत, आठ आणि सात.

आकारावर मात्र मुळीच विसंबू नका. पीसीच्या जॉयस्टिकला आणि जुन्या इथरनेटच्या एयूआय पोर्टलाही हाच पंधरा पिनांचा साचा वापरलेला आहे. एयूआयमध्ये १३ नंबरच्या पिनवर १२ व्होल्ट असतात, तर मॅकमध्ये तीच पिन निळ्या रंगाचा ग्राउंड असते. बसतंय म्हणून जोडलं, तर वीज थेट ग्राउंडला भिडते.

माहितीपत्रक हाताशी नसेल तर सुरुवात ग्राउंडपासून करावी. दोन्ही यंत्रं बंद, केबल सुटी, मल्टिमीटर बझरवर. कॉम्प्युटरच्या पोर्टवर १, ६, ११, १३ आणि १४ या पिना एकमेकींशी वाजतात. मग मीटर ओहमवर घ्या. २, ५ आणि ९ या पिना ग्राउंडशी सुमारे ७५ ओहम दाखवतात. हे लाल, हिरवा आणि निळा. व्हिडिओच्या तारा ७५ ओहमच्याच असतात, त्यामुळे हा आकडा दिसला की रंग सापडले असं समजायला हरकत नाही.

खरी गुंतागुंत इथून पुढे आहे. हेच मोजमाप ॲपलच्या १३ इंची रंगीत मॉनिटरच्या बाजूने केलं, तर ४ नंबरची पिनही ग्राउंड निघते. कॉम्प्युटरच्या बाजूला ती तशी नसते. म्हणून कोणत्याही अनोळखी केबलची दोन्ही टोकं मोजावीत. जिथे दोन बाजूंचं उत्तर जुळत नाही, तिथेच काहीतरी दडलेलं असतं.

४, ७ आणि १० या 'सेन्स' पिना. त्यांतून चित्र जातच नाही. कॉम्प्युटर या तिन्ही तारांवर हलका दाब ठेवतो आणि मॉनिटर त्यांतल्या ठरावीक तारा ग्राउंडला जोडतो. फक्त ४ जोडलेली असेल तर ६४० बाय ४८०, ४ आणि १० असतील तर १२ इंची मॉनिटरचं ५१२ बाय ३८४. एकही जोडलेली नसेल तर मॉनिटरच नाही, असं कॉम्प्युटर समजतो आणि बहुतेक मॅक मग चित्र पाठवतच नाहीत. उघड्या पोर्टवर ऑसिलोस्कोप लावून काहीच दिसलं नाही की पोर्ट मेला असा निष्कर्ष काढला जातो. आधी ४ आणि ११ जोडा, कॉम्प्युटर पुन्हा चालू करा आणि मग बघा.

पुढे मॉनिटरांचे प्रकार वाढले आणि हे मोजके संकेत पुरेनात. ॲपलने तीच तीन तारांची व्यवस्था ताणली, आणि ते काम मला फार देखणं वाटतं. कॉम्प्युटर एकेक तार स्वतः खाली ओढतो आणि तिच्याबरोबर दुसरी कोणती खाली येते ते पाहतो. व्हीजीए मॉनिटरसाठी ७ आणि १० एकमेकींना जोडतात. काही मॉनिटरांसाठी मध्ये डायोड असतो, म्हणून मीटरची टोकं उलटसुलट लावून दोनदा मोजायचं.

सिंकच्या तारा उरतात. ३ वर एकत्रित, १२ वर उभा, १५ वर आडवा. स्कोपवर आडवा ३५ किलोहर्ट्झ आणि उभा ६६.७ हर्ट्झ दिसला, तर तो १३ इंचीचा सिग्नल. व्हीजीएचा आडवा ३१.५ असतो. ठरलेल्या एकाच वारंवारितेचे जुने मॉनिटर म्हणूनच नुसत्या तारा जुळवून चालत नाहीत.

जानेवारी १९९९ च्या निळ्या-पांढऱ्या पॉवर मॅक जी३ ला ॲपलनेच व्हीजीए पोर्ट दिला. पुढच्या आठवड्यात ॲपलचाच २००० सालचा मॉनिटर-कनेक्टर, एडीसी. त्यात चित्राबरोबर यूएसबी आणि मॉनिटरसाठीचे २८ व्होल्टही एकाच केबलमधून जातात. तो भाग वाचेपर्यंत एडीसीच्या पिनांना मीटर लावू नका.