कमळातून 'क्' काढला तर

'कमळ' हा शब्द मोठ्याने म्हणा. आता त्यातला अगदी पहिला ध्वनी गाळा आणि उरलेलं म्हणा. 'मळ' म्हणालात? मग तुम्ही एक नव्हे, दोन ध्वनी उडवलेत. 'क्' तर गेलाच, त्याच्यामागचा 'अ'सुद्धा गेला. नुसता 'क्' काढला तर उरतं 'अमळ'. तुमच्या कानांत काही दोष नाही. उत्तर कानांनी दिलंच नाही, ते डोळ्यांनी दिलं! देवनागरीत 'क' हे एक अक्षर दिसतं, म्हणून ते एकच ऐकूही येतं.

१९७९ साली संशोधक जुझे मोराइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोर्तुगालच्या ग्रामीण भागातल्या प्रौढांना असंच कोडं घातलं होतं. काही जण निरक्षर, काही मोठेपणी वाचायला शिकलेले, बाकी जगणं सारखंच. शिकलेल्यांना ते बऱ्यापैकी जमलं, निरक्षरांना जवळजवळ नाहीच. जन्मभर घडाघडा बोललेली माणसं, पण शब्दाचे इतके बारीक तुकडे पडतात याचा त्यांना पत्ताच नाही! ध्वनी आधीच सुटे ऐकू येतात आणि आपण त्यांना फक्त अक्षरं चिकटवतो, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात लिपी शिकता शिकता ध्वनी सुटे होत जातात. पहिलीच्या वर्गात बाई फळ्यावर अक्षर काढतात तेव्हा समोरच्या चाळीस पोरांचे कान बदलत असतात.

आणि मेंदू? बोलणं मूल घरात ऐकून ऐकून उचलतं. लेखन मात्र जेमतेम पाच हजार वर्षांपूर्वीचं. एवढ्यात मेंदूत वाचनासाठी वेगळी खोली बांधून व्हायला वेळच कुठे मिळाला? तरीही मराठी, चिनी, हिब्रू, कुठलीही लिपी वाचणाऱ्याच्या मेंदूत डाव्या बाजूला, खाली मागे, साधारण एकाच जागी लिखित शब्द ओळखले जातात. फ्रेंच शास्त्रज्ञ स्टॅनिस्लास देहेन यांचं म्हणणं असं, की वस्तू आणि चेहरे ओळखणारी जुनी यंत्रणाच इथे नव्या कामाला जुंपली जाते. जुन्या लुगड्याची गोधडी शिवावी तसं हे आहे. कापड तेच, काम नवं. अक्षरांनी जागा घेतली की चेहऱ्यांना थोडं उजवीकडे सरकावं लागतं, असंही त्यांच्या पाहणीत दिसलं.

पण जुन्या कापडाचे जुने गुणही सोबत येतात. वाघ डावीकडे तोंड करून असो की उजवीकडे, तो वाघच. जंगलात हे ओळखणारा वाचला. त्यामुळे आरशातलं उलटं रूप आणि सुलटं रूप एकच मानायची मेंदूला सवय. आता ३ आणि ६ शेजारी ठेवून पाहा. आपल्याला त्यांच्यात भांडण दिसतं, 'छत्तीसचा आकडा' म्हणतो आपण. सहा वर्षांच्या मुलाला मात्र ती एकच गोष्ट, फक्त तोंड फिरवलेली! म्हणून लहान मुलं अक्षरं उलटी काढतात. तो आळस नाही की ढ-पणा नाही. मेंदूला अंगवळणी पडलेली एक शहाणी सवय त्या पोराला फक्त अक्षरांपुरती मोडायची असते.

त्यात आपली देवनागरी! 'क्ष', 'ज्ञ' धरून ३६ व्यंजनं, प्रत्येकाची बाराखडी, म्हणजे कागदावर ४३२ आकार. जोडाक्षरं अजून बाहेरच उभी आहेत. 'किती' लिहिताना पहिली वेलांटी आधी दिसते, उच्चारात मात्र 'क' आधी येतो. डोळा पुढे धावतो आणि जिभेला थांबावं लागतं. हिंदी वाचकांवरच्या एका अभ्यासात असे शब्द वाचायला मोठ्या माणसांनाही जरा जास्त वेळ लागला होता. मग 'र' घ्या. रान, प्रकाश, ट्रक, सूर्य, दऱ्या: एकच ध्वनी, पाच वेश. 'दर्या' म्हटलं की समुद्र, 'दऱ्या' म्हटलं की डोंगरांमधल्या खोल जागा!

सगळ्यात गंमत न शिकवलेल्या नियमाची आहे. 'करतो' लिहितो, म्हणतो 'कर्तो'. 'कमळ'मधल्या 'ळ'चा 'अ' आपण गिळून टाकतो. कुठला 'अ' म्हणायचा आणि कुठला गिळायचा, हे पहिलीत कुणी फळ्यावर मांडत नाही. मुलं ते आपोआप ताडतात. पण केव्हा? शब्द ओळखीचा असेल तर. घरी वारली किंवा कातकरी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकातला शब्दच परका असेल, तर ते ताडायचं कशाच्या बळावर?

म्हणूनच सगळी मुळाक्षरं, मग सगळी बाराखडी, मग शब्द, ही रांग मला फार कोरडी वाटते. अर्थ भेटेपर्यंत पोर कंटाळून जातं. फलटणला शिक्षणतज्ज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी वेगळी वाट धरली: अक्षरांचे छोटे गट करायचे आणि स्वरचिन्हं त्यांच्याबरोबरच शिकवायची. समजा क, म, न, र आणि एक काना एवढंच दिलं. झाले की काका, मामा, नाक, कान, रान, मका, कमान! मूल पहिल्याच आठवड्यांत खरेखुरे शब्द वाचतं.

हाताचाही यात वाटा आहे. केरिन जेम्स यांनी अमेरिकेत अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांना काही अक्षरं हाताने काढायला दिली, काही गिरवायला, काही कळफलकावर दाबायला. नंतर तीच अक्षरं दाखवून मेंदू तपासला. हाताने काढलेल्या अक्षरांपाशी वाचनाचे भाग जागे झाले. पाटी-पेन्सिलीला हसणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

हे सगळं एकदा बसलं की थांबवता येत नाही. लाल शाईने 'निळा' लिहा आणि शाईचा रंग विचारा. आपण अडखळतो, कारण शब्द आधीच वाचून झालेला असतो. १९३५ मध्ये जॉन रिडली स्ट्रूप यांनी हे मोजून दाखवलं. बालवाडीतलं पोर मात्र पटकन 'लाल' म्हणून मोकळं होतं. दुसरीत गेल्यावर त्याला पुन्हा विचारा. तेही अडखळलं, तर बाईंना पेढे द्यायला हरकत नाही.