वस्तीतील मैफल आणि परवानगीचे नियम

संगीताचा कार्यक्रम म्हटला की मोठे सभागृह, तिकिटे आणि नामांकित कलावंत यांचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. परंतु घराच्या ओसरीवर, गच्चीवर किंवा वस्तीच्या मैदानात संगीत ऐकण्याची प्रथाही भारतात जुनी आहे. कोलकात्याच्या पाड्यांतून होणारे जलसे, चेन्नईच्या मैलापूर भागात मार्गळी महिन्यात पहाटे मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून निघणारी भजनमंडळी, महाराष्ट्रात कोजागरीच्या रात्री जमणारी मैफल ही त्याची काही उदाहरणे होत. अशा कार्यक्रमांचे यजमान रहिवासी असतात आणि श्रोतेही बहुधा शेजारीच. मग ‘आपल्याच अंगणात गाण्यासाठी परवानगी कशाला?’ असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. कायदा मुख्यतः परवानगी मागतो ती गाणे अंगणाबाहेर नेणाऱ्या साधनासाठी, हे त्याचे थोडक्यात उत्तर होय.

रस्त्यावरील संगीतावर शासनाचे लक्ष असणे ही गोष्ट नवी नाही. १८६१ च्या पोलीस कायद्याच्या कलम ३० अन्वये, सण व समारंभांच्या प्रसंगी रस्त्यांवर संगीत कितपत असावे याचे नियमन करण्याचा अधिकार पोलिसांना देण्यात आला होता. त्या काळी गाणाऱ्याचा आवाज त्याच्या गळ्याच्या ताकदीइतकाच दूर जाई. ध्वनिक्षेपक आल्यावर ही नैसर्गिक मर्यादा संपुष्टात आली आणि चार घरांपुरती असलेली मैफल चाळीस घरांत शिरू लागली.

या बदलाची दखल न्यायालयांनी घेतली. १९९६ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने ऐकण्याच्या हक्कात न ऐकण्याचा हक्कही अंतर्भूत असल्याचे मानले. ध्वनिक्षेपकाच्या टप्प्यात राहणारा मनुष्य इच्छा नसताना बंदिवान श्रोता बनतो, असा त्या विचाराचा आशय होता. सर्वोच्च न्यायालयात १९९८ मध्ये दाखल झालेल्या एका याचिकेमागे याहून भीषण घटना होती. अत्याचाराला बळी पडलेल्या तेरा वर्षांच्या एका मुलीच्या मदतीच्या हाका शेजारच्या ध्वनिक्षेपकावरील संगीतात बुडून गेल्या होत्या. ही याचिका प्रलंबित असतानाच, पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली केंद्र शासनाने ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० जारी केले. जुलै २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, भाषणस्वातंत्र्याचा आधार घेऊन कोणालाही आपला आवाज इतरांवर लादता येणार नाही.

या नियमांचा गाभा समजण्यास कठीण नाही. ध्वनिक्षेपक वापरावयाचा असल्यास, मग तो कितीही लहान असो, सक्षम प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी आवश्यक ठरते. जिल्हा दंडाधिकारी, पोलीस आयुक्त किंवा या कामासाठी नेमलेला पोलीस उपअधीक्षक अथवा त्याहून वरच्या दर्जाचा अधिकारी हा असा प्राधिकारी होय. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वापरता येत नाही. २०१० च्या दुरुस्तीने ही रात्रीची बंदी ध्वनिवर्धकांबरोबर वाद्यांनाही लागू केली. सभागृहासारख्या बंदिस्त जागेत, आतल्या आत ऐकू जाईल इतपत वापराला मात्र सूट आहे. सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवप्रसंगी रात्री १२ पर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य शासनाला असून असे दिवस वर्षातून एकूण १५ पेक्षा अधिक असू शकत नाहीत. ही सवलत शासन ठरवील त्या दिवसांपुरती असते. कोण्या रहिवाशाने आपल्या सोयीचा दिवस निवडून ती मिळवावी, अशी तिची योजना नाही.

परवानगी मिळाली म्हणजे आवाज हवा तेवढा ठेवता येतो, हा मात्र सार्वत्रिक गैरसमज आहे. निवासी क्षेत्रासाठी ध्वनीचे मानक दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल इतके आहे. सार्वजनिक जागेच्या सीमेवर ध्वनिक्षेपकाचा आवाज त्या क्षेत्राच्या मानकापेक्षा १० डेसिबलने अधिक किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जी मर्यादा कमी असेल तिच्या आत राहावा लागतो. खासगी जागेच्या सीमेवर मानकापेक्षा केवळ ५ डेसिबलची मुभा आहे. म्हणजेच निवासी वस्तीतील खासगी अंगणाच्या कुंपणापाशी दिवसा ६० डेसिबल ही मर्यादा होय.

हा आकडा व्यवहारात काय सांगतो, हे एका उदाहरणावरून लक्षात येईल. मोकळ्या जागेत ध्वनीच्या उगमापासूनचे अंतर दुप्पट केले की त्याची पातळी सुमारे ६ डेसिबलने घटते. एक मीटरवर ८५ डेसिबल आवाज देणारा लहानसा ध्वनिक्षेपक घेतला, तर ४ मीटरवर ७३, ८ मीटरवर ६७ आणि १६ मीटरवर ६१ डेसिबल आवाज उरतो. याचा अर्थ, सोळा मीटर दूर असलेल्या कुंपणापाशीही मर्यादा किंचित ओलांडलेलीच असते. दाट वस्तीत एवढे अंगण कोणाला लाभणार? साहजिकच आवाज कमी ठेवणे, ध्वनिक्षेपकाचे तोंड श्रोत्यांकडे वळवणे किंवा त्याच्याविना गाणे हेच मार्ग शिल्लक राहतात.

याखेरीज जागेचा प्रश्न वेगळा असतो. रस्ता अडवावयाचा असल्यास पोलिसांची, तर उद्यान वापरावयाचे असल्यास बहुधा स्थानिक संस्थेची अनुमती लागते. गृहनिर्माण संस्थेचे आवार वापरण्यास तिच्या समितीने होकार दिला, तरी तो ध्वनिक्षेपकाच्या परवान्याची जागा घेऊ शकत नाही. रचनांच्या हक्काबाबत मात्र कायदा उदार आहे. प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ नुसार हौशी मंडळाने मोबदला न घेता श्रोत्यांपुढे सादर केलेले संगीत हे हक्कभंग ठरत नाही. तिकीट लावताच हा आधार सुटतो. ध्वनिमुद्रित गीते वाजवण्यासाठी त्याच कलमातील निराळ्या तरतुदी पाहाव्या लागतात.

या सर्व नियमांकडे कागदपत्रांचा जाच म्हणून पाहणे सोपे आहे, आणि लहान कार्यक्रमासाठी कचेरीत घालावे लागणारे हेलपाटे कित्येकदा उत्साह मावळवतात, हेही खरे. तथापि नियमांना अभिप्रेत असलेला मनुष्य मैफलीत बसलेला नसतो. तो भिंतीपलीकडे असतो: रात्रपाळीहून परतलेला कामगार, परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी, अंथरुणाला खिळलेला वृद्ध. मैफलीतला श्रोता आवडले नाही तर उठून जाऊ शकतो. त्याला आपले घर सोडून जाता येत नाही. परवान्यावर सही अधिकाऱ्याची असली, तरी तो जपावयाचा असतो या शेजाऱ्यासाठी. ज्या वस्तीत कार्यक्रमाची वेळ आधी शेजाऱ्यांना विचारून ठरते आणि गाणे वेळेवर थांबते, तेथे पुढच्या वर्षीच्या मैफलीला विरोध होण्याचे कारण फारसे उरत नाही.