टांझानियाचे ‘गुरुजी’ आणि मिशनच्या शाळा

ज्युलियस न्येरेरे हे १९६२ ते १९८५ या काळात प्रथम टांगानिकाचे व पुढे टांझानियाचे राष्ट्राध्यक्ष होते. १९४३ साली बाप्तिस्मा स्वीकारलेले हे श्रद्धावंत कॅथोलिक नियमाने मिस्सेला जात. पुगू येथील मिशनच्या शाळेत त्यांनी अध्यापन केले, म्हणूनच लोक त्यांना ‘म्वालिमू’, म्हणजे गुरुजी, म्हणत. मात्र त्यांच्याच सरकारने १९६९च्या शिक्षण कायद्याद्वारे ख्रिस्तसभेच्या शाळा ताब्यात घेतल्या! धर्मग्रामाच्या शाळेत घडलेल्या आपल्यासारख्या वाचकांना हे सहज पटणार नाही. परंतु बहुतेक शाळा मिशनऱ्यांच्या असल्याने तेथील मुस्लिम समाज शिक्षणात मागे पडला होता. शाळेचे दार धर्मावरून उघडू नये, ही न्येरेरे यांची भूमिका होती व ती मला न्याय्य वाटते.

त्यांच्या दुसऱ्या धोरणाविषयी मात्र तसे म्हणवत नाही. ५ फेब्रुवारी १९६७च्या अरुशा घोषणेने बँका राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या, पुढाऱ्यांना घरे भाड्याने देण्यास व दोन पगार घेण्यास मनाई झाली. विखुरलेल्या शेतकऱ्यांनी एकत्र राहावे, सामाईक शेती करावी, शाळा, दवाखाना व पाणी एका ठिकाणी मिळावे, ही ‘उजामा’ची, म्हणजे कुटुंबभावाची, कल्पना. सुरुवातीला ती ऐच्छिक होती. लोक फारसे आले नाहीत. १९७३ साली न्येरेरे यांनी गावात राहणे सक्तीचे केले आणि पुढील तीन वर्षांत पन्नास लाखांहून अधिक लोक हलविले गेले. कित्येक ठिकाणी जुनी घरे पाडली वा जाळली गेली. नव्या वस्तीपासून शेते दूर पडली. कोणत्या जमिनीत काय पिकते हे पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान निरुपयोगी ठरले. त्यातच दुष्काळ पडला आणि धान्य परदेशांतून आणावे लागले.

जमेची बाजूही आहे. प्राथमिक शाळा व प्रौढ साक्षरतेचे वर्ग खेडोपाडी पोहोचले, स्वाहिली भाषेने शंभराहून अधिक जमाती जोडल्या. १९८५ साली त्यांनी स्वेच्छेने राष्ट्राध्यक्षपद सोडले.

१४ ऑक्टोबर १९९९ रोजी ते निवर्तले. मुसोमा या त्यांच्या धर्मप्रांताने २००५ साली त्यांच्या संतपदाची प्रक्रिया सुरू केली असून ते ‘देवाचे सेवक’ म्हणून ओळखले जातात. ज्यांची घरे पाडली गेली, त्या शेतकऱ्यांच्या मुलाबाळांची साक्षही त्या चौकशीत नोंदली जावी, असे वाटते.