दुधाचा दात आहे, पडेलच! पण तो खरंच दुधाचा आहे का?

आजचा एपिसोड लहान मुलांच्या दातांवर आहे. स्वतःचं मूल नसलं तरी भाचा-भाची, पुतण्या, शेजारचं पोर, कुणीतरी असेलच. त्यामुळे स्किप करू नका.

आपल्या घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं. मुलाची दाढ किडली, कुणी म्हणालं डॉक्टरला दाखवू, की लगेच उत्तर येतं, "अगं, दुधाचीच आहे, पडणारच आहे." या एका वाक्यामुळे कितीतरी मुलांची कायमची दाढ जाते. कशी, ते समजायला आधी दात कसे येतात ते बघू.

बाळाचा पहिला दात साधारण सहा ते दहा महिन्यांत येतो. बहुतेक वेळा खालचे मधले दोन आधी, मग वरचे मधले. काही बाळांचे वरचे आधी येतात. मग "मामाला जड" वगैरे सुरू होतं. मामाला काहीही होत नाही, क्रम थोडा पुढेमागे होतो इतकंच. अडीच-तीन वर्षांपर्यंत सगळे मिळून २० दात येतात, वर १० आणि खाली १०. हे झाले दुधाचे दात.

दात येताना बाळ लाळ गाळतं, चावतं, किरकिर करतं. हिरडी थोडी सुजते. पण १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, जुलाब, उलट्या हे दात आल्यामुळे होत नाही. "दात येतायत, म्हणून ताप आहे" असं म्हणून थांबू नका, बालरोगतज्ज्ञांकडे जा. आराम पडायला स्वच्छ, थंड केलेली टीदिंग रिंग द्या, किंवा स्वच्छ बोटाने हिरडी हलके चोळा. हिरडी बधिर करणारी जेल मनाने लावू नका. त्यातलं बेन्झोकेन दोन वर्षांखालच्या बाळांना धोक्याचं ठरू शकतं. आणि एक वर्षाच्या आत मध चाटवू नका.

आता मुख्य मुद्दा. मूल साधारण सहा वर्षांचं झालं की पहिली कायमची दाढ येते. वर दोन, खाली दोन, एकूण चार. गंमत म्हणजे ही दाढ येताना एकही दात पडत नाही! दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे मोकळ्या जागेत ती गुपचूप वर येते. पुढचा दात हलला की पोरगं घरभर सांगत सुटतं, दात कौलावर टाकायचा की उंदराला द्यायचा यावर चर्चा होते. ही दाढ मात्र कधी आली ते कुणाला कळतच नाही. दिसते तेव्हा सगळे तिला दुधाचीच समजतात. पण ती एकदाच येते, तिच्या जागी दुसरी येणार नाही. आणि चावण्याचं मोठं काम आयुष्यभर तिलाच करायचं असतं.

ओळखायची कशी? मोबाइलचा टॉर्च लावा. मुलाला आ करायला सांगा. पुढच्या दोन दातांच्या मधून एका बाजूला मोजायला लागा. एक, दोन हे पुढचे दात. तीन म्हणजे सुळा. चार आणि पाच या दुधाच्या दाढा. दुधाचे दात एका बाजूला पाचच असतात. म्हणजे सहावा दिसला तर तो कायमचाच. सहाव्या वर्षी, सहावा दात. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. मधला एखादा दात पडलेला असेल, तर ती रिकामी जागाही मोजा.

नवीन दाढेवर खोल खाचा असतात. त्यात बिस्कीट, चिप्स, चॉकलेट अडकून बसतं. दाढ पूर्ण वर यायला काही महिने लागतात, त्या काळात ती बाकीच्या दातांपेक्षा ठेंगणी असते आणि ब्रश वरूनच निघून जातो. म्हणून ब्रश बाजूने आडवा घालून ही दाढ वेगळी घासा. मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत मोठ्यांनीच घासून द्यावं. डेंटिस्टला सीलंटबद्दल विचारा. खाचांवर एक पातळ थर बसवतात, इंजेक्शन लागत नाही, दुखत नाही.

मग दुधाचे दात किडले तर चालतील? नाही. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. पाचव्या वर्षी किडलेल्या दाढेने मुलाने आणखी पाच-सहा वर्षं जेवायचं असतं. ती लवकर काढावी लागली तर मागची दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दाताची जागा जाते. मुळाशी पू झाला तर खालच्या कायमच्या दातालाही इजा होऊ शकते.

कीड सुरू होते कुठून? बऱ्याचदा रात्री तोंडात राहिलेल्या दुधाच्या बाटलीतून, त्यात साखर असेल तर आणखीच. वरच्या पुढच्या दातांवर हिरडीजवळ खडूसारखे पांढरे पट्टे दिसले तर ती सुरुवात आहे, तेव्हाच दाखवा. पहिला दात आला की सकाळ-रात्र ब्रश सुरू करा. फ्लोराइडची टूथपेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. यवतमाळ, चंद्रपूरसारख्या जिल्ह्यांत काही गावांच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथे पेस्टबद्दल डेंटिस्टला विचारूनच ठरवा.

आता डॉक्टरकडे कधी जायचं? स्क्रीनशॉट काढून ठेवा.

– पहिली भेट पहिल्या वाढदिवसाच्या आसपास, दुखत नसलं तरी. दीड वर्षापर्यंत एकही दात नसेल तर तपासणी हवीच.
– पांढरा पट्टा, काळा-तपकिरी डाग, खड्डा, किंवा गार-गोड लागलं की ठणका: याच आठवड्यात.
– दुधाचा दात हलत नाही आणि मागून नवा दात आलाय: दाखवून घ्या. दुधाचा हलत असेल तर बहुतेक वेळा तो आपोआप पडतो.
– पडल्यावर दात राखाडी झाला: दाखवा.
– हिरडीवर पुळी, गालाला सूज: त्याच दिवशी. सूज डोळ्यापर्यंत गेली, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होत असेल तर थेट हॉस्पिटल.

आणि खेळताना कायमचा दात मुळासकट निघाला तर? पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका. माती असेल तर हलके धुवा, घासू नका. जमलं तर लगेच जागेवर बसवा. नाही जमलं तर दुधात ठेवा आणि डेंटिस्टकडे पळा, शक्यतो अर्ध्या तासात. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही.

खर्चामुळे थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत आणि सरकारी शाळांत मुलांची तपासणी होते, त्यात दातही बघतात. पथक आलं की दाढेबद्दल विचारा. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, गोव्यात बांबोळीला आहे. तिथे लहान मुलांच्या दातांचा विभाग विचारा.

तर मंडळी, आज रात्री झोपायच्या आधी टॉर्च लावा आणि सहापर्यंत मोजा. आणि पुढच्या वेळी घरात कुणी "दुधाचीच आहे" म्हणालं, तर त्यांनाही मोजायला लावा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!