वाटी काढा, पण सांभाळून!

धानाची रोवणी आटोपेपर्यंत आपल्या करडीकडच्या शाळकरी मुलींच्या सायकली बोलायला लागतात. पायडल मारलं की कट्कट्, किर्रर्र... "चालते ना अजून? मग राहू दे," असं आपण आयाच म्हणतो. पण मैत्रिणींनो, ही किरकिर ऐकून सोडून देण्यासारखी नाही.

पायडल जिथे फिरतं, तिथे फ्रेमला एक आडवी नळी असते. तिच्या दोन्ही तोंडांना एकेक वाटी, वाटीत छर्रे आणि मधून ॲक्सल. दुकानात याला 'बीबी' म्हणतात. नाव ऐकून हसू येतं खरं, पण सगळा भार हीच बिचारी सोसते! चिखलपाणी आत शिरलं की ग्रीस धुऊन जातं, छर्रे गंजतात आणि वाटी झिजते. मग ती बदलावीच लागते.

खरा घात होतो तो इथे. वाटी निघत नाही म्हणून कुणी छिन्नी लावतं, कुणी दणादण हातोडी मारतं. वाटी स्वस्त असते हो, पण नळीचं तोंड फाकलं तर नवी वाटी घट्ट बसत नाही आणि अख्खी फ्रेम वाया जाते. सायकल गेली की आधी शाळेचे दिवस बुडतात, मग "राहू दे आता घरीच" सुरू होतं. घरापासून दूर शाळेत जाणाऱ्या आठवी ते बारावीच्या मुलींसाठी मानव विकास कार्यक्रमातून २०११ पासून मागास तालुक्यांत सायकली देण्यात आल्या, त्या याचसाठी ना?

म्हणून आधी ओळखा, वाटी आट्यांची आहे की ठोकून बसवलेली. साध्या काळ्या सायकलीची वाटी आट्यांची असते. ती पान्ह्याने फिरवूनच काढायची. चेनच्या बाजूच्या वाटीचे आटे सहसा उलटे असतात. ती नेहमीसारखी फिरवली तर सुटायच्या ऐवजी आणखी घट्ट होते!

लहान मुलांच्या बऱ्याच सायकलींत दोन्ही बाजूंचं क्रँक एकाच वाकवलेल्या सळईचं असतं. त्यातल्या वाट्या ठोकून बसवलेल्या असतात. आधी डावं पायडल आणि त्यामागचा नट काढायचा. हे दोन्ही घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सुटतात. मग क्रँक चेनच्या बाजूने अलगद बाहेर घ्यायचं. वाटीच्या कडेला तेल सोडून रात्रभर थांबा. सकाळी समोरच्या तोंडातून जाड सळई घालून वाटीच्या आतल्या कडेवर टेकवा आणि हलके ठोके द्या. एक ठोका वर, एक खाली, एक डावीकडे, एक उजवीकडे. एकाच जागी ठोकलं की वाटी तिरपी होऊन नळी ओरबाडते. हँडलच्या नळीतल्या वाट्याही अशाच निघतात. डोळ्यांत कीस उडू नये म्हणून चष्मा लावा आणि पोरांना लांब बसवा.

शहरातल्या महागड्या गिअरच्या सायकलींतही आता दाबून बसवलेल्या वाट्या असतात. त्या काढायला एका टोकाला फाकणारी खास नळी मिळते. ती आत गेली की वाटीमागे उमलते आणि कडेवर सगळीकडून सारखा जोर देते. काही वाट्या आतून एकमेकींत आट्यांनी गुंतलेल्या असतात, त्या आधी फिरवून सोडवाव्या लागतात. फ्रेम कार्बनची असेल तर छिन्नी नको, आच नको, सरळ जाणकाराकडे न्यावी. आणि ठोकून काढलेलं बेअरिंग पुन्हा वापरू नये.

नवी वाटी बसवण्याआधी नळी आतून कोरडी पुसा, ग्रीसचा हात फिरवा आणि वाटी सरळ धरून बसवा. पावसाळा संपला की एकदा उघडून ग्रीस बदललं, तर वाटी काढायची वेळ लवकर येत नाही.

तमिळनाडूतल्या पुदुकोट्टईत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेबरोबर हजारो बायका सायकल शिकल्या. आपल्या मुली सायकल चालवतातच, आता ती उघडायलाही शिकू द्या. बचत गटाने मिळून पान्हे, सळई, हातोडी आणि ग्रीसचा डबा घ्यावा, गावातल्या सायकल मिस्त्रीला एक दुपार बोलवावं. स्वयंपाकघरातल्या वाट्या आपण नीट सांभाळतो, ही वाटीही आपलीच समजू या!