पंखे फिरतात, लाईट लागते, पण डिस्प्ले येत नाही: पार्ट बदलण्याआधी हे वाचा



कॉम्प्युटर रिपेअरिंगचं छोटं दुकान टाकायचं असेल, तर एक वाक्य तुम्हाला आठवड्यातून चार वेळा ऐकायला मिळणार: "दादा, मशीन चालू होतंय, पण डिस्प्ले येत नाही." त्यात मशीन घरी जोडलेलं असेल, म्हणजे पार्ट आणले टापकीर गल्लीतून किंवा लॅमिंग्टन रोडवरून आणि व्हिडिओ बघून स्वतःच बसवले, तर गिऱ्हाईक आधीच घाबरलेलं असतं. चाळीस-पन्नास हजार घातलेत आणि समोर काळा पडदा.

व्हिडिओमध्ये मी टेबलवर मशीन ठेवून सगळं दाखवलंय. पण एक गोष्ट कॅमेऱ्यासमोर घाईत सांगून टाकली, ती इथे नीट लिहितो. कारण चूक माझी होती आणि त्यात दुसऱ्याचे पैसे गेले होते.

माझा पहिला 'मेलेला' बोर्ड

दुकान सुरू करून सहा-सात महिने झाले होते. बीबीए झालेलं, त्यामुळे नफा-तोटा कागदावर पक्का, हातात मात्र अनुभव कमी. एप्रिल महिना, लग्नसराई. आमच्या गावात लग्नपत्रिका छापणारे एक काका आहेत. त्यांच्या पुतण्याने डिझाईनच्या कामासाठी नवीन पीसी घरीच जोडला होता. पहिल्या दिवसापासून डिस्प्लेच नाही. जुनं मशीन विकून टाकलेलं, ऑर्डरी पडून.

मी कॅबिनेट उघडलं. पंखे फिरतात, बोर्डावर लाईट आहे. रॅम काढून पुसून परत लावली, तरी काही नाही. अर्ध्या तासात सांगून टाकलं, "काका, बोर्ड गेलाय." काका म्हणाले, "नवीनच आहे रे तो." मी म्हणालो, "कधीकधी नवाच डेड निघतो." वॉरंटीत पाठवला तर दोन-तीन आठवडे गेले असते, पत्रिका थांबणार नव्हत्या. काकांनी ६,८०० रुपयांचा दुसरा बोर्ड घेतला, वर माझी मजुरी ५००. नवा बोर्ड लावला, डिस्प्ले आला. काका खूश, मी खूश.

आठ दिवसांनी त्यांचा जुना बोर्ड वॉरंटीला पाठवायचा म्हणून सहज टेबलवर लावून बघितला. डिस्प्ले आला. परत बंद-चालू केला, परत आला. बोर्डाला काही झालंच नव्हतं.

मग आठवलं. बोर्ड काढताना प्रोसेसरची ८ पिनची वायर माझ्या हातात अलगद आली होती, खटका न दाबता. म्हणजे ती पूर्ण बसलेलीच नव्हती. नवा बोर्ड लावताना मी ती दाबून बसवली, आणि श्रेय मिळालं नव्या बोर्डाला.

हे लक्षात ठेवा: पार्ट बदलून मशीन चालू झालं म्हणजे तो पार्ट खराब होता असं नाही

बोर्ड बदलताना काय होतं? प्रत्येक वायर निघते. रॅम, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, सगळं निघतं आणि सगळं नव्याने बसतं. सेटिंगही कोरी होते. म्हणजे एका वेळी आपण दहा गोष्टी बदलतो आणि बिल मात्र एकाच गोष्टीचं फाडतो.

म्हणून माझ्या दुकानात आता दोन नियम आहेत. पहिला, तपासणी फुकटापासून महागाकडे जाते. दुसरा, एखादा पार्ट बदलून मशीन चालू झालं तर जुना पार्ट परत लावून बघायचा. बिघाड परत आला, तरच तो पार्ट खराब.

हात लावण्याआधी एक प्रश्न

"हे मशीन आधी कधी चालू झालं होतं का?" एवढं विचारा.

पहिल्यापासूनच डिस्प्ले नसेल तर संशय जोडणीवर: वायर, रॅमची जागा, चुकीचं पोर्ट, प्रोसेसर आणि बोर्डाचं न जुळणं. काल चालत होतं आणि आज बंद असेल, तर विचारा की मधे काय झालं. मशीन हलवलं? साफ केलं? नवीन रॅम टाकली? लाईट गेली-आली? दोन मिनिटांच्या गप्पा दोन तासांचं काम वाचवतात.

आता क्रमाने

सुरक्षेचं आधी. आत हात घालायच्या प्रत्येक वेळी एसएमपीएसचं मागचं बटण बंद, प्लग बाहेर, आणि पॉवर बटण १०-१५ सेकंद दाबून धरा. मग कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा, म्हणजे अंगातला स्टॅटिक उतरेल. एसएमपीएसचा डबा मात्र उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये करंट राहतो.

१. मॉनिटर. स्वतःची लाईट लागते का? 'नो सिग्नल' लिहून येत असेल तर मॉनिटर जिवंत आहे. इनपुट बरोबर निवडलंय का बघा. त्याच केबलने लॅपटॉप जोडा. इथेच सुटलं तर कॅबिनेट उघडायचीही गरज नाही.

२. केबल कुठे लावलीय? घरी जोडलेल्या मशीनमधली ही सर्रास होणारी चूक आहे. ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डाच्या पोर्टला हवी, वरच्या बोर्डाच्या पोर्टला नाही. उलटही होतं: कार्ड नाही आणि प्रोसेसरमध्येही ग्राफिक्स नाही. इंटेलच्या नावात शेवटी 'एफ' असेल, उदाहरणार्थ आय५ १२४००एफ, तर त्यात ग्राफिक्स नसतं. रायझन ५ ५६०० मध्ये नसतं, ५६००जी मध्ये असतं. असं मशीन कार्डाशिवाय कितीही वेळ चालू ठेवलं तरी पडदा काळाच राहणार. पार्ट सगळे चांगले, खरेदी चुकलेली.

३. पॉवरच्या वायरी. बोर्डाची २४ पिन आणि प्रोसेसरची ८ पिन, दोन्ही खटका लागेपर्यंत बसल्यात का? ८ पिन नसेल किंवा अर्धवट असेल तरी पंखे फिरतात, लाईट लागते, म्हणून माणूस फसतो. मी फसलोच. कार्डाला वेगळी पॉवर लागत असेल तर तीही बघा. कार्डाची ८ पिन आणि प्रोसेसरची ८ पिन दिसायला सारखी असते, पण एकीच्या जागी दुसरी लावायची नाही. जात नसेल तर जोर करू नका. आणि वायरी सुट्या निघणारा एसएमपीएस असेल तर दुसऱ्या एसएमपीएसच्या वायरी त्याला लावू नका. खाच जुळली तरी आतला क्रम वेगळा असू शकतो आणि हार्डडिस्क जळू शकते.

४. रॅम. एकच स्टिक ठेवा, बाकी काढा. चार स्लॉटच्या बोर्डावर बहुतेक वेळा प्रोसेसरकडून दुसरा स्लॉट आधी वापरायचा असतो, त्यावर ए२ लिहिलेलं असतं. दोन स्टिक असतील तर ए२ आणि बी२. खात्रीसाठी बोर्डाचं पुस्तक बघा. दोन्ही बाजूंनी सारखं दाबा, 'टक्' आवाज आला पाहिजे. जुन्या रॅमची सोनेरी पट्टी आपण खोडरबरने पुसतो. चालतं, पण हलक्या हाताने, आणि रबराचा भुगा स्लॉटमध्ये पडू देऊ नका. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ कापड त्याहून चांगलं.

डीडीआर५ चं नवीन मशीन असेल तर आणखी एक. पहिल्यांदा चालू करताना बोर्ड रॅमची जुळवणी करतो आणि त्याला काही मिनिटं लागू शकतात. तोवर पडदा काळाच असतो. गिऱ्हाईक घाबरून दर अर्ध्या मिनिटाला बटण दाबतं आणि ते काम पूर्णच होत नाही. मशीन चालू करा, चहा सांगा, पंधरा मिनिटं हात लावू नका.

५. सेटिंग कोरी करा. प्लग काढून बोर्डावरचा सीआर२०३२ सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा, किंवा पुस्तकात दाखवलेल्या दोन पिना जोडा. रॅमचा स्पीड वाढवून ठेवल्यामुळे अडकलेलं मशीन याने बऱ्याचदा सुटतं. जुन्या मशीनमध्ये सेलच उतरलेला असतो. तो ३ व्होल्टचा असतो, मल्टीमीटर लावून बघा.

६. बोर्ड काय सांगतोय ते ऐका. नव्या बोर्डांवर बऱ्याचदा चार बारीक लाईट असतात: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. एकेक लागून विझते. जी विझत नाही, तिथे तपासणी अडली आहे. 'बूट'पर्यंत पोचून पडदा काळा असेल, तर परत पायरी १ आणि २ ला जा. लाईट नसतील तर बोर्डाला छोटा बीप स्पीकर लावा. सगळी रॅम काढून मशीन चालू करा. बोर्ड ओरडला तर बोर्ड आणि प्रोसेसर बहुधा जिवंत आहेत, लक्ष रॅम आणि कार्डाकडे वळवा.

७. बाहेर काढून लावा. बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवा. फक्त प्रोसेसर, त्याचा कूलर, एक रॅम आणि एसएमपीएस. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर कार्ड. पॉवर बटणाच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर लावलं की चालू होतं. बाहेर डिस्प्ले आला आणि आत येत नसेल, तर बोर्डाखालचे पितळी स्टँडऑफ बघा. एखादा नको त्या जागी असेल तर बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट होतो.

८. प्रोसेसर आणि बोर्डाचं जुळतं का? सॉकेट एक असून भागत नाही. बी४५० च्या जुन्या बोर्डावर रायझन ५००० चा प्रोसेसर बसतो, पण बायॉस जुना असेल तर चालू होत नाही. बायॉस अपडेट केला की झालं. काही बोर्डांवर प्रोसेसरशिवाय, नुसत्या पेन ड्राईव्हवरून तो करायची सोय असते. आणि टॉर्च लावून सॉकेटची एखादी पिन वाकलीय का तेही बघा.

९. आता, आणि आताच, पार्ट बदलून बघा. एका वेळी एकच. आणि वर सांगितलेला दुसरा नियम पाळा.

धंद्याचं गणित

नवीन मुलं मला म्हणतात, "सर, वायर दाबून मशीन चालू केलं तर पैसे कसे मागायचे?" म्हणूनच तर लोक पार्ट विकतात. पार्ट दाखवता येतो, डोकं दाखवता येत नाही.

यावर माझा उपाय साधा आहे. मशीन हातात घेतानाच चेकिंग चार्ज सांगायचा. माझ्याकडे तो ३०० रुपये आहे. वायर निघाली तरी ३००, बोर्ड निघाला तरी तपासणीचे तेवढेच. मग पार्ट विकायची घाई आपल्यालाच राहत नाही. मशीन घेताना गिऱ्हाइकासमोर आतले फोटो काढा, सॉकेट उघडलं तर त्याचाही. वाकलेली पिन सहसा वॉरंटीत बसत नाही आणि "तुमच्याकडेच वाकली" हा वाद दुकान बुडवतो. पार्टचे सिरीयल नंबर जॉबकार्डवर लिहा. बदललेला पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात परत द्या.

सुरुवातीला भांडवल किती? चांगला स्क्रूड्रायव्हर, मल्टीमीटर, खात्रीची एक एचडीएमआय केबल, बीप स्पीकर, नवा सीआर२०३२ सेल, चालू स्थितीतल्या डीडीआर४ आणि डीडीआर५ च्या एकेक स्टिक, साधं जुनं ग्राफिक्स कार्ड आणि तपासलेला एसएमपीएस. एवढ्यावर पहिलं वर्ष निघतं. सेकंडहँड घेतलं तरी चालेल, पण 'खात्रीचं' असलं पाहिजे. संशयित पार्टने दुसरा संशयित पार्ट तपासता येत नाही.

काकांचं पुढे काय झालं

खरं सांगतो, बोर्ड चांगला आहे हे कळल्यावर मी तीन आठवडे गप्प बसलो. ६,८०० रुपये तेव्हा माझं दुकानाचं भाडं होतं. कोणाला कळणारही नव्हतं. पण काकांचं दुकान माझ्या घरच्या वाटेवर, आणि मी लांबून जायला लागलो होतो.

शेवटी ७,३०० रुपये पाकिटात घालून गेलो आणि जे झालं ते सांगितलं. "नवा बोर्ड मशीनमध्ये राहू द्या, जुना मी ठेवतो, पैसे तुमचे," असं म्हणालो. काकांनी नोटा मोजल्या, गल्ल्यात टाकल्या आणि म्हणाले, "तीन दिवस दुकान बंद होतं माझं. त्याचं काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. चहा काही विचारला नाही त्यांनी.

दिवाळीच्या आधी पुतण्या प्रिंटर घेऊन आला. म्हणाला, "काकांनी निरोप दिलाय, आधी नीट तपास, मग पार्टचं बोल."

तो जुना बोर्ड अजून माझ्या टेबलवर आहे. रॅम, प्रोसेसर तपासायला रोज वापरतो. नवीन मुलगा कामाला लागला की पहिल्या दिवशी त्याला ८ पिनची वायर अर्धवट लावून देतो आणि बिघाड शोधायला सांगतो. बहुतेक जण म्हणतात, "सर, बोर्ड गेलाय."

वरच्या नऊ पायऱ्या एका कागदावर तुमच्या अक्षरात लिहा आणि टेबलसमोर चिकटवा. पुढच्या व्हिडिओत जॉबकार्ड कसं बनवायचं ते बघू. भेटूया!