वंदनेआधी दोन घास
कोलंबोतल्या साडेदहा तासांनी शिकवलेला धडा

आमच्या विहारातले आम्ही अकरा जण थायलंडच्या धम्मसहलीला निघालो. पैसे भिशीतून साठवलेले, म्हणून स्वस्त पडणारं कोलंबोमार्गे तिकीट काढलं. पहाटे साडेपाचला कटुनायके विमानतळावर उतरलो. बँकॉकचं विमान दुपारी चारला. तेवढा वेळ खुर्चीत पाय सुजवत बसण्यापेक्षा केलानियाचा विहार पाहून यायचं, हे आधीच ठरलं होतं. श्रीलंकेत उतरायची ऑनलाइन परवानगी मुंबईतूनच काढली होती.

1950 साली बाबासाहेब बौद्ध परिषदेसाठी याच देशात आले होते. त्यामुळे व्हॅनमध्ये बसल्यापासून सगळ्यांना भरून आलं होतं. तथागत स्वतः केलानियाला येऊन गेले, अशी इथली परंपरा सांगते. धान्याच्या राशीच्या आकाराचा पांढराशुभ्र स्तूप, पांढऱ्या कपड्यांतली माणसं, हातात कमळं. आत चित्रकार सोलियस मेंडिस यांनी रंगवलेल्या भिंती. संघमित्रा बोधिवृक्षाची फांदी घेऊन येते, ते चित्र पाहताना आमच्यातल्या बायांचे पाय हलेनात.

तेवढ्यात आमच्या मावशी स्तूपाजवळ मटकन खाली बसल्या. अंगाला दरदरून घाम, हात थरथरत होते, बोलणं अडखळत होतं. मावशींना दहा वर्षांपासून मधुमेह आहे. सवयीप्रमाणे सहा वाजता त्यांनी साखरेची गोळी घेतली होती. विमानातलं जेवण आवडलं नाही म्हणून तसंच ठेवलं होतं. विहाराबाहेर आम्ही नाश्ता करू म्हणालो, तर त्या म्हणाल्या, "वंदना झाल्याशिवाय तोंडात घास घेणार नाही." आम्हीही आग्रह केला नाही. चूक आमचीही होती.

साखर तपासायचं मशीन मोठ्या बॅगेत, आणि ती बॅग थेट बँकॉकला जाणार होती. पण साखर उतरल्याची शंका आली, तर आकड्याची वाट पाहायची नसते. आम्ही फाटकाकडे धावलो. तिथे एक बाई मोठ्या पातेल्यातून गरम हिरवी पेज विकत होत्या. आमची खाणाखुणांची भाषा त्यांना लगेच कळली. गुळाचे खडे मुठीत घेऊन त्या स्वतःच आमच्याबरोबर पळत आल्या. मावशींनी गूळ चघळला. पंधरा मिनिटांत घाम थांबला आणि नजर स्थिर झाली. मग त्यांना भरपेट खाऊ घातलं. त्या बाईंनी गुळाचे पैसे काही घेतले नाहीत.

ती पेज म्हणजे 'कोला केंदा'. तांदूळ, नारळाचं दूध आणि पालेभाजीचा रस. बरोबर गुळाचा खडा, तो चावत चावत पेज प्यायची. आपल्या आजीच्या हातच्या पेजेचीच बहीण! शेजारच्या टपरीवर वाटीसारखे आप्पे आणि शेवयांसारखा इडिआप्पा गरम गरम मिळाला. सोबत पोल संबोल, म्हणजे ओल्या खोबऱ्याची लाल झणझणीत चटणी. तिच्यात बरेचदा सुक्या माशाचा चुरा असतो, म्हणून न खाणाऱ्यांनी आधी विचारावं. नारिंगी रंगाचं शहाळं, 'तंबिली', समोर फोडून घेतलं. मधुमेह असेल तर तेही बेतानेच प्यावं. किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

मावशी सावरल्यावर तिथल्या भंतेजींनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत आळवी गावची गोष्ट सांगितली. हरवलेला बैल शोधून दमलेला एक शेतकरी उपाशीपोटी प्रवचनाला आला. तथागतांनी आधी त्याला जेवू घालायला सांगितलं, मगच धम्म सांगितला. मावशी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी अजून जुनाच उपास धरून बसले होते." आपण देव सोडले, नवस सोडले, पण उपाशी राहिलं की पुण्य लागतं ही समजूत कित्येक घरांत अजून तशीच आहे. औषधावर असलेल्या माणसाच्या ती जिवावर बेतू शकते.

विमानाचा असो, रेल्वेचा असो की 6 डिसेंबरला चैत्यभूमीचा, लांबच्या प्रवासात एवढं पाळा :

• औषधं, इन्सुलिन, तपासणीचं मशीन आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीतच ठेवा. विमानाच्या सामानात इन्सुलिन गोठून वाया जाऊ शकतं.

• जेवणाआधीची गोळी ताट समोर आल्यावरच घ्या.

• घाम, थरथर, चक्कर, चिडचिड जाणवली की लगेच 15 ग्रॅम, म्हणजे तीन चमचे साखर द्या. 15 मिनिटांनी बरं वाटलं नाही तर पुन्हा द्या, आणि मग जेवण. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

• श्रीलंकेचं घड्याळ आपल्याबरोबरच चालतं, बँकॉकचं दीड तास पुढे. गोळ्यांच्या वेळा निघण्याआधीच डॉक्टरांना विचारून ठरवा.

• विहारात अनवाणी जावं लागतं. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर तापलेल्या फरशीने फोड येतात आणि कळतही नाही. सकाळीच जा, मोजे घाला.

• समोर शिजलेलं गरम खा. बर्फ आणि कापून ठेवलेली फळं टाळा. पाणी सीलबंद घ्या.

• दर तासा-दोन तासांनी चार पावलं चाला.

दुपारी एकच्या आत आम्ही विमानतळावर परत पोचलो. बँकॉकच्या पहिल्या विहारात मावशींनी आधी खाऊन घेतलं, मगच मेणबत्ती लावली. त्यांच्या पदराच्या गाठीत अजून केलानियाचा एक गुळाचा खडा होता. तुमच्या पदरात, खिशातही असू द्या. जय भीम.